इस्त्री ‘चावते’ म्हणणाऱ्या मावशी आणि अठरा हजारांचा कोर्स

पत्र थोडक्यात : सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय २९, शिक्षण बी.कॉम. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या हजेरी, हिशोब आणि गेल्या वर्षापासून ‘सेफ्टीची फाइल’ सांभाळतात. ब्रिटनमधल्या एका खरेदीदाराच्या वतीने तपासनीस येऊन गेले. त्यांनी विचारलं, की इस्त्र्या, पंखे, एक्स्टेंशन बोर्ड अशा हलवता येणाऱ्या विजेच्या वस्तूंची चाचणी कोण करतं, त्या माणसाचं शिक्षण काय आणि नोंदी कुठे आहेत. मालकांनी ताईंनाच सांगितलं, ‘तू एक ऑनलाइन कोर्स कर, मीटर मी आणून देतो, पंधरा दिवसांत सगळ्यांवर स्टिकर लागले पाहिजेत.’ कोर्सवाले दोन दिवसांचे अठरा हजार मागतात. वर ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ आणि दुबईच्या नोकरीची आशा दाखवतात. कारखान्याचे वायरमन काका परवानाधारक आहेत, पंचवीस वर्षांपासून तिथे आहेत आणि आता रुसलेत. ‘मी असताना हिशोबाच्या पोरीनं मीटर धरायचा?’ ताई विचारतात : मी वायरमन नाही, तरी मला हे करता येईल का? पदरचे पैसे घालून कोर्स करू का? उद्या काही झालं तर सही माझी असेल, मग काय? शेवटी जाता जाता त्या लिहितात, ‘बाकी तसं सगळं ठीक आहे. फिनिशिंगमधल्या एक मावशी म्हणतात इस्त्री चावते, पण त्या पायाखाली चादरीची घडी घेऊन काम करतात.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक काम करा. उद्या सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या ती इस्त्री काढून घ्या. बंद करा, पिन बाहेर ओढा, वायर तिच्याभोवती गुंडाळा, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधा आणि कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा. त्या मावशींना दुसरी इस्त्री द्या. दुसरी नसेल तर त्यांना त्या दिवशी घड्या घालायला बसवा. ती इस्त्री ज्या बोर्डावर होती, तो बोर्डही वायरमन काकांनी पाहीपर्यंत वापरू नका.

तुम्ही लिहिलंय ‘बाकी तसं सगळं ठीक आहे’, आणि पुढच्याच वाक्यात ही इस्त्री आहे. तुमच्या कारखान्यात पहिली चाचणी झालेली आहे. ती मावशींनी केली, स्वतःच्या हाताने केली, आणि निकालही तुम्हाला सांगितला. फक्त तो कुठे लिहायचा हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. पायाखालची चादरीची घडी कोरडी असेपर्यंत त्यांना वाचवते, कारण अंगातून जमिनीत जायची करंटची वाट ती अडवते. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, अंग घामाने निथळलेलं, आणि गणवेशाचा हंगामही नेमका तेव्हाच. घामाने भिजलेल्या घडीचा काय भरवसा? आणि दुसरा हात चुकून टेबलाच्या लोखंडी पायाला लागला, तर पायाखाली काय आहे याला अर्थच उरत नाही.

मी बत्तीस वर्षं कारखान्यांतल्या विजेच्या कामावर काढली. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुमचा सहीचा प्रश्न मला तिथूनच समजतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मोठे साहेब येणार म्हणून शेडमधल्या सगळ्या स्टँडच्या पंख्यांची तपासणी करायला मला सांगितलं. रजिस्टर हातात, एका दुपारी बेचाळीस पंखे. मी प्रत्येक पंखा चालू करून पाहिला, प्लगला तीन पिना आहेत हे पाहिलं आणि ‘ठीक’ लिहून सही केली. दोन आठवड्यांनी एका पोराने ओल्या हाताने त्यातला एक पंखा उचलून सरकवला. तो फेकला गेला, खांद्याचं हाड मोडलं, तळहात भाजला. जीव वाचला. नंतर मी तो प्लग उघडला. तिसरी पिन होती, जाडजूड, पितळेची. पण तिला काहीच जोडलेलं नव्हतं. हिरवी वायर आत कुणीतरी कापून मागे दुमडून ठेवलेली होती. पिना तीन दिसल्या म्हणून तिसरी जोडलेली असणार असं मी धरून चाललो. माझ्याकडे तेव्हा आयटीआयचं प्रमाणपत्रही होतं आणि परवानाही. कमी पडलं ते एक स्क्रू फिरवायचे कष्ट, आणि ‘एका दुपारी बेचाळीस होणार नाहीत’ हे वरच्याला सांगायचं धाडस.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणी जरा बदलून पाहू. तुम्ही विचारता, सही करायला कोणतं प्रमाणपत्र लागतं? मी विचारतो, सही करताना तुम्हाला नेमकं काय माहीत असेल? आणि एखादी वस्तू नापास केलीत, तर ती बाजूला ठेवायचा अधिकार तुम्हाला आहे का?

आधी प्रमाणपत्राचं बघू. ज्या देशाचे तपासनीस तुमच्याकडे आले, त्या ब्रिटनमध्ये कामाच्या जागेच्या विजेसाठी १९८९चे नियम आहेत. विजेची साधनं धोका होणार नाही अशा अवस्थेत ठेवा आणि काम जाणकार माणसाकडून करून घ्या, असं ते सांगतात. ते काम अमुकच प्रमाणपत्र असलेल्याने करावं किंवा दरवर्षी करावं, असं त्यांत कुठेही नाही. तिथली सरकारी सुरक्षा यंत्रणा, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, हे वारंवार स्पष्ट करते. किती दिवसांनी तपासायचं ते वस्तू कोणती, वापरणारं कोण आणि जागा कशी यावर ठरतं. टेबलावरचा न हलणारा संगणक आणि दिवसभर हातात फिरणारी इस्त्री यांना एकच पट्टी लावत नाहीत. आणि नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलं तरी बहुतेक दोष सापडतात, असं तीच यंत्रणा सांगते.

मग कोर्स कशाला? तिथे सिटी अँड गिल्ड्स या संस्थेची २३७७ क्रमांकाची परीक्षा या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिचा अभ्यास तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने काढलेल्या आचारसंहितेवर बेतलेला आहे. चांगली परीक्षा आहे. पण ती घेतली म्हणजे हात बसला असं तिथलंही कुणी मानत नाही. ज्ञान, सराव आणि आपल्याला काय येत नाही याची जाण, या तिन्हींना मिळून ते जाणकारी म्हणतात. तुमच्या कोर्सवाल्यांना एवढंच विचारा : परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्रावर नाव कोणाचं, दोन दिवसांत माझ्या हातात मीटर किती तास असेल, आणि बिघडलेल्या वस्तू तपासायला देणार का? ऑनलाइन कोर्समध्ये शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं काय येतील, ते तुम्हीच ओळखा. आणि दुबईच्या नोकरीचं लेखी मागा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूज असतो. म्हणून तिथल्या शिकवणीत कुठल्या वस्तूला किती अँपिअरचा फ्यूज, यावर बराच वेळ जातो. आपल्या ६ आणि १६ अँपिअरच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. आपल्याकडे त्या वायरला सांभाळणारा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, भिंतीवर किंवा पार पॅनेलमध्ये असतो, आणि तो बऱ्याचदा पंधरा-वीस वस्तूंचा मिळून एकच असतो. बारीक वायरीची इस्त्री आणि मागे २० अँपिअरचा एमसीबी, अशी जोडी तुमच्या शेडमध्ये नक्की सापडेल. परदेशी पुस्तकातला तो धडा पाठ करून ती तुम्हाला दिसणार नाही. शेडमध्ये उभं राहून, वायर कुठून कुठे जाते ते पाहिलं तरच दिसेल.

आता आपल्याकडचा कायदा. वायरिंगचं काम, म्हणजे नवीन पॉइंट, फेरफार, दुरुस्ती, हे परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातूनच व्हायला हवं, असं केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. आधी २०१०चे होते, त्यांची जागा २०२३च्या नियमांनी घेतली. त्यामुळे बोर्ड उघडून आत हात घालणं, पॅनेलला हात लावणं, हे तुमचं काम नाही आणि उद्या कोर्स केलात तरी होणार नाही. पण पिन बाहेर काढून ठेवलेली इस्त्री हातात घेऊन वायर सोललीय का, प्लग तडकलाय का, जळाल्याचा वास येतो का हे पाहणं आणि वहीत लिहिणं, हे कुणीही शिकून करू शकतं. याच नियमांत २०१०मध्ये एक साधी पण महत्त्वाची तरतूद होती : हलवता येणाऱ्या सिंगल फेज साधनाला तीन गाभ्यांची, म्हणजे आत तीन वायरा असलेली, केबल हवी आणि अर्थिंगची वायर सहज ओळखू यायला हवी. तुमच्या शेडमधली दोन वायरा पिळून केलेली एक्स्टेंशनं मोजा. तेवढ्यावरून तुम्हाला फाइलचं पहिलं पान मिळेल.

थोडक्यात, तुमचा ‘मी वायरमन नाही, मला करता येईल का’ हा प्रश्न एक नाही, तीन आहेत. डोळ्यांनी तपासणं तुम्हाला आजपासून करता येईल. मीटरने तपासणं शिकल्यावर करता येईल, काही महिन्यांनी. दुरुस्ती मात्र काकांचीच. आणि माझ्या मते तुमच्या कारखान्यातला निम्म्याहून जास्त धोका पहिल्याच कामात पकडला जाईल.

कसं बघायचं ते सांगतो. इस्त्री घ्या. वायर जिथे इस्त्रीच्या मुठीत शिरते तिथे बोटांनी धरून सावकाश वाकवा. दिवसातून शेकडो वेळा ती तिथेच वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या असतात. तिथे वायर इतर ठिकाणापेक्षा मऊ, लिबलिबीत लागली तर बाजूला ठेवा. मग दुसरं टोक. प्लगमधून वायर ओढून बघा, आतली पकड तिला धरून ठेवते का? बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलेलं हवं. रंगीत वायरा बाहेर दिसता कामा नयेत. प्लग स्क्रूचा असेल तर काकांकडून उघडून घ्या आणि शेजारी उभ्या राहून बघा. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर मोठ्या पिनेला घट्ट असायला हवी, आणि ती बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवलेली असावी, म्हणजे कुणी वायर हिसकली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटतो. काळ्या टेपचा सांधा दिसला की कितीही नेटका असला तरी नापास. ड्रिल, ग्राइंडर अशा काही वस्तूंवर चौकोनात चौकोन असं चिन्ह दिसेल. त्या दुहेरी आवरणाच्या वस्तू. त्यांना अर्थची वायर नसते, आणि ती नाही म्हणून त्यांना नापास करू नका.

बोर्डांचं गणित तुम्हाला सोपं जाईल, तुम्ही हिशोबाच्या आहात. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर घेते. एका ६ अँपिअरच्या एक्स्टेंशनवर दोन इस्त्र्या म्हणजे ८.७. तो बोर्ड गरम लागतो, पिवळा पडतो, आणि कुणी म्हणतं बोर्डच हलका निघाला. बोर्डाचा काही दोष नसतो.

मीटरबद्दल. मालक ‘मीटर आणून देतो’ म्हणतात, ते कोणता आणतील याची मला काळजी वाटते. बाजारातला मल्टीमीटर या कामाला पुरा पडत नाही. अर्थच्या वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एक तार शिल्लक असली तरी तो टीं करून ‘जोडलेलं आहे’ म्हणेल, कारण तो तपासायला नखाएवढा करंट सोडतो. आणि आवरणाची, म्हणजे इन्सुलेशनची, तपासणी तो बॅटरीच्या काही व्होल्टवर करतो. मेगर, म्हणजे खास आवरण तपासायचा मीटर, तीच ५०० व्होल्टवर करतो, तेव्हा कुठे आवरणातली कमजोरी बाहेर येते. खिशातला दिवा लागणारा टेस्टर तर चाचणीत धरूच नका. या कामासाठी बनवलेला पोर्टेबल अप्लायन्स टेस्टर अर्थची जोडणी आणि आवरण दोन्ही तपासतो. घ्यायचाच असेल तर तो घ्या, आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो आकडे बरोबर दाखवतो का याची पडताळणी, दरवर्षी करून घेण्याची तजवीज ठेवा. वर्षातून दोनदाच वापरायचा असेल तर तो बाळगणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराला बोलावणं स्वस्त पडेल, आणि त्याच्या शेजारी उभं राहून तुमचंही शिक्षण होईल.

तपासायचा क्रम कधीही मोडू नका. आधी डोळे, मग अर्थची जोडणी, मग आवरण, शेवटी चालू करून पाहणं. आधीच्या पायरीला नापास झालेली वस्तू पुढच्या पायरीला न्यायची नाही. अर्थ तुटलेल्या इस्त्रीवर ५०० व्होल्ट सोडलेत तर ते तिच्या पत्र्यावर येऊन तुमच्याच हाताला लागू शकतात.

आकड्यांचंही असंच आहे, नुसते पाठ करू नका. ब्रिटिश पद्धतीत अर्थच्या वाटेचा रोध ०.१ ओहम, अधिक त्या वायरीचा स्वतःचा रोध, इतका चालतो. ‘अधिक’ हा शब्द बरेच जण विसरतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१३ ओहम. म्हणजे दहा मीटरच्या एक्स्टेंशनचा ०.१३ आणि वरचा ०.१ धरून ०.२३पर्यंत ठीक. ज्याला हे माहीत नाही तो चांगलं एक्स्टेंशन फेकून देतो, आणि दोन मीटरच्या इस्त्रीवर ०.२३ आलं तरी ‘तेवढंच आलं होतं’ म्हणून पास करतो. अर्थ लागणाऱ्या वस्तूच्या आवरणाचा रोध किमान १ मेगाओहम मागतात. का? २३० व्होल्टला १० लाख ओहमने भागा, ०.२३ मिलिअँपिअर येतात. माणसाला अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवू लागतात. म्हणजे मावशींना ती इस्त्री ‘चावते’ तेव्हा ही रेषा केव्हाच ओलांडलेली आहे, आणि शिवाय अर्थही बहुधा तुटलेला आहे, नाहीतर गळणारा करंट अर्थच्या वायरीतून निघून गेला असता. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताची पकड सुटत नाही. या दोहोंमध्ये अंतर फार नाही, ताई.

दोन अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर घोटाळा होईल. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेली इस्त्री आवरणाच्या चाचणीत कमी आकडा दाखवते, कारण तिच्या कॉइलभोवतीची पूड हवेतला ओलावा शोषते. ती काकांकडे द्या. त्यांनी अर्थ नीट असल्याची खात्री करून ती थोडा वेळ तापवावी, मग पुन्हा मोजा. आकडा वर आला तर ठीक. दुसरं, नव्या सर्व्हो मोटरच्या शिलाई मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्यांना सरसकट ५०० व्होल्ट लावले तर आकडा फसवा येऊ शकतो किंवा आतला भाग जाऊ शकतो. त्यांच्यासाठी कमी व्होल्टची किंवा गळतीची चाचणी असते. या मशीनना हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार आली, तर बऱ्याचदा मशीनमध्ये दोष नसतो, त्या ओळीच्या बोर्डाचा अर्थच गायब असतो. एका मशीनची तक्रार आली की शेजारच्या बाईलाही विचारा.

भिंतीवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का तेही बघा. ३० मिलिअँपिअरचा असावा, आणि त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. पण ते बटण फक्त यंत्र सुटतं का एवढंच सांगतं, अर्थिंग ठीक आहे की नाही ते सांगत नाही. बटण दाबून ‘अर्थिंग तपासलं’ असं लिहिलेली रजिस्टरं मी बरीच पाहिलीत.

आता वायरमन काका. त्यांच्या रुसण्यात तथ्य आहे. पंचवीस वर्षं ज्या माणसाने पॅनेल सांभाळलं, त्याला न विचारता मालकांनी मीटर तुमच्या हातात द्यायचं ठरवलं. तुम्ही काकांकडे ‘मला शिकवा’ म्हणून जा, आणि मनापासून जा, कारण तुम्हाला खरंच शिकायचं आहे. ती चावणारी इस्त्री घेऊनच जा. ‘काका, ही उघडून दाखवा, आत काय झालंय ते मला बघायचंय.’ परवानाधारक वायरमनला त्याचं काम दाखवायला सांगितलं आणि त्याने तोंड फिरवलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. पण एक लक्षात घ्या, काका आजवर बिघाड झाल्यावर धावून जात आले. बिघाड व्हायच्या आधी ठरलेल्या तारखेला बघणं आणि लिहून ठेवणं ही वेगळी सवय आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तपासनिसांनी जे मागितलं ते तुम्हा दोघांचं मिळून होतं. काकांचा परवाना आणि मीटरची चाचणी, तुमची यादी, तारखा आणि डोळ्यांची तपासणी. तसंच लिहून द्या. चांगला तपासनीस त्यावर समाधानी होतो. नुसत्या एका प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर तो होईलच असं नाही.

आणि मालक. पंधरा दिवसांत सगळं होणार नाही, हे त्यांना आताच सांगा. पण नुसतं ‘होणार नाही’ म्हणू नका, काय होईल ते घेऊन जा. पहिल्या आठवड्यात यादी : प्रत्येक वस्तूला क्रमांक, जागा, वर्ग (अर्थ लागणारी की दुहेरी आवरणाची). दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची डोळ्यांनी तपासणी आणि इस्त्र्या, पाण्याजवळच्या वस्तू, एक्स्टेंशन यांची मीटरने. ऑफिसातले संगणक, प्रिंटर नंतर. स्टिकरवर काय केलं ते खरं लिहा. ‘फक्त डोळ्यांनी तपासलं’ असाही स्टिकर असतो आणि तो पूर्ण मान्य आहे. न केलेल्या चाचणीची तारीख टाकू नका, मागची तारीख तर अजिबात नको. कारखान्यातली यंत्रं सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाची आहे, ती तुमच्या सहीने तुमच्याकडे सरकत नाही. पण खोट्या नोंदीखालची सही तुमची स्वतःची असते, आणि बेचाळीस पंख्यांचं ते रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही.

मालकांकडून एक गोष्ट लेखी घ्या : तुम्ही किंवा काकांनी नापास केलेली वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत कुणीही वापरणार नाही, हंगाम असला तरी. शाळा उघडायच्या आधीचा महिना म्हणजे तुमच्याकडे रात्रपाळीपर्यंत काम चालतं, आणि तेव्हाच कुणीतरी कपाटातली नापास इस्त्री ‘आजच्या दिवस’ म्हणून काढतं. दोन-चार इस्त्र्या जास्तीच्या घेऊन ठेवायला सांगा. त्या अठरा हजारांत चार चांगल्या इस्त्र्या येतील की नाही, मालकांनाच हिशोब करू द्या.

कोर्सचे पैसे पदरचे घालू नका. हे काम कारखान्याचं आहे, शिकवायचा खर्चही कारखान्याने करावा. सहा महिने काकांच्या हाताखाली मीटर धरल्यावरही ओढ राहिली, तर विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन तिथल्या निदेशकांना भेटा. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून ते जमणार नाही असं तुम्हाला वाटेल. तरीही भेटा, काय करता येईल ते तेच नीट सांगू शकतील. वय एकोणतीस म्हणजे उशीर झाला, असं तुमच्या पत्रात एका ठिकाणी डोकावतं. मला तसं अजिबात वाटत नाही.

अजून एक गोष्ट, खास फिनिशिंग विभागासाठी. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास सगळ्या इस्त्रीवाल्या बायकांना एकत्र बसवा आणि चावणाऱ्या इस्त्रीची ओळख मावशींकडूनच सांगायला लावा. कुठे हात लावला की जाणवतं, कोणत्या दिवशी जास्त, वाफ सोडल्यावर की आधी. मग एक वही दोरी बांधून भिंतीला लटकवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी इस्त्रीच्या क्रमांकापुढे फुली मारली तरी पुरे. तेलुगूत बोलणाऱ्या बायका असतील तर त्यांना तेलुगूतूनच बोलू द्या, लिहून घेणारी कुणीतरी शेजारी असतेच. आणि फुली मारणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. नगावर काम करणारी बाई हातातली इस्त्री सुखासुखी सोडत नाही.

ती इस्त्री काकांनी उघडली की आत काय निघालं ते मला कळवा. माझा अंदाज असा, की मुठीजवळ हिरवी वायर तुटलेली असेल आणि कॉइलच्या टोकापाशी ओलावा किंवा जळालेलं आवरण असेल. पण प्लगपासून बघायला सुरुवात करा.